रांगोळीत गेलेला वाघ्या घेवडा

साताऱ्याच्या एका संस्थेनं खडकवाडीच्या बायकांना फसवलं, आणि त्या बायकांनी मला. बायकांनी फसवलं ते नाइलाजानं. संस्थेनं फसवलं ते हार घालून आणि नारळ देऊन. संस्थेचं नाव मी इथं लिहिलेलं नाही, कारण संपादकांनी फोनवर फार गयावया केली. पण ज्यांनी हे केलं ते वाचतील तेव्हा त्यांना आपलं नाव आठवेलच.

मी माधवनगरची. गिरणी बंद पडली तेव्हा घरात दुसरी कमाई नव्हती, म्हणून हातगाडीवर शेंगदाणे-फुटाणे विकायला लागले. आज सांगलीत माझं कडधान्याचं दुकान आहे. भाव केल्याशिवाय मी काही घेत नाही. एकदा दातांच्या डॉक्टरांशीसुद्धा घासाघीस केली आणि दाढ काढायच्या आत दर उतरवून घेतला. राग मला लवकर येतो आणि सावकाश जातो, हेही आधीच सांगून ठेवते.

आमच्या आळीमागं गिरणीची पडीक जागा आहे. मालकाच्या परवानगीनं आम्ही आठ-नऊ घरांनी ती साफ केली, काचा आणि विटांचे तुकडे वेचले, शेणखत आणून टाकलं आणि भाजी लावली. मेथी, दोडका, गवार, वांगी. जे येईल ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं. पहिल्या वर्षी मी तिथं आले ती ताजी भाजी फुकट मिळते म्हणून. नंतर लक्षात आलं, की दरवर्षी बियांची पुडी दुकानातून आणावी लागते आणि त्या पुडीतून आलेल्या झाडाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी धड उगवत नाही. म्हणजे दुकानदार गिऱ्हाईक कायमचं बांधून ठेवतो. धंदा म्हणून मला ते आवडलं. गिऱ्हाईक म्हणून अजिबात आवडलं नाही.

म्हणून मी उन्हाळ्यात साताऱ्याला जवारी बियांचा महोत्सव होता तिथं गेले. आमच्याकडं देशी वाणाला जवारी म्हणतात. तिथं खडकवाडीच्या बायकांचं टेबल होतं. कोरेगावच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. देवस्थानच्या जमिनीवर दहा-बारा जणी मिळून पिकवतात आणि बी मडक्यांत राखेत घालून ठेवतात. त्यांचा वाघ्या घेवडा मी ओंजळीत घेतला. सायीसारखा रंग आणि त्यावर तांबूस पट्टे. दुकानात मी इतका घेवडा विकलाय, पण असा एकसारखा दाणा पाहिला नव्हता. हौसाबाई म्हणून त्यांच्यातली म्होरकी होती. ती म्हणाली, बी विकत नाही. एक मापटं न्यायचं, सुगी झाली की दीड मापटं परत आणायचं. मी तिला सव्वा मापट्यावर आणलं. त्याला बराच वेळ लागला आणि दोघींनाही मजा आली. महोत्सव संपल्यावर बी पाठवते म्हणाली, आणि पेरणीच्या तोंडावर एसटीच्या कंडक्टरबरोबर पिशवी आली.

आळीत मी त्या घेवड्याची इतकी जाहिरात केली होती की सगळ्यांनी दोडक्याची जागा सोडून दिली. उगवण चांगली झाली. मग पंधरवड्यातच काही रोपं बुटकी, झुडपासारखी राहिली आणि काही वेलासारखी वर चढायला लागली. वाघ्या घेवडा झुडपी असतो, हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं. वेल शेजारच्या मक्यावर चढले, तिथून कुंपणाच्या तारेवर गेले. झुडपं वाळली तरी वेलांना खाली थोड्या वाळक्या शेंगा आणि वर अजून फूल होतं. गिरणीतले जुने फिटर शिंदेकाका रोज सकाळी कुंपणापाशी उभे राहून म्हणायचे, "आक्का, नाव वाघ्या आन् चढतंय माकडावानी." गणपतीत तर त्यांनी ते आरतीला आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवलं.

गणपती गेले आणि मी त्या पिकाचे, झुडपांचे आणि वेलांचे दोन्ही, दाणे पिशवीत घालून निघाले.

उंब्रज

सांगलीहून साताऱ्याची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे. सरकारशी भाव न करता मिळालेली ही माझी एकमेव सूट. मनात भांडणाची तयारी चालली होती, हौसाबाईला कोणत्या वाक्यानं गाठायचं ते. पण उंब्रजला गाडीचा टायर बसला, आणि दुसरी गाडी येईपर्यंत रस्त्याकडेला उभं राहायची वेळ आली.

शेजारच्या सीटवरचे गृहस्थ उंब्रजचेच होते, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी आग्रहानं घरी नेलं. रस्ता सोडल्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस. अंगणात बसलं तरी पलीकडचं घर दिसत नाही. त्यांच्या मिसेसनी भाकरी, आमटी आणि मिरचीचा खर्डा वाढला. जेवताना मी विचारलं, आमटीवर घरची कोथिंबीर नाही का? त्या म्हणाल्या, "घरची कुटली? कराडातनं आनत्यात ह्ये. आज आनली न्हाई, म्हनून आमटी बोडकी."

सुभेदार हसले. एवढी जमीन, एवढं पाणी, आणि कोथिंबिरीची जुडी पिशवीत घालून मोटारसायकलवरून आणायची, याचं त्यांना नवल वाटत नव्हतं. मी विचारल्यावर थोडं वाटलं. ते म्हणाले, "ऊस बघावा लागत न्हाई. मेथीला रोज बघाय लागतंय. आमाला रोज बघायची सवय फौजेनं लावली, पर शेतात ती कामाला आली न्हाई बघा."

मग मी पिशवीतला घेवडा दाखवला. ते दाणा बोटात फिरवत राहिले. जम्मूला असताना लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या खानावळीत, राजमा मिळायचा, त्यातला एक राजमा असाच पट्ट्यांचा असायचा, आणि तो खाताना त्यांना उगाच घरची आठवण यायची. तिकडचे लोक तो आपला म्हणून वाढायचे. नंतर स्टोअरमधल्या पोत्यावर कोरेगावचं नाव वाचलं तेव्हा कळलं, की आपल्याच जिल्ह्यातला घेवडा आपण दोन दिवस आणि दोन रात्री प्रवास करून जाऊन खातोय. मी म्हटलं, आता तोच बिघडला आहे आणि त्याचा जाब विचारायला मी चालले आहे. सुभेदारांनी दाणा परत पिशवीत टाकला. म्हणाले, "जावा. पर आधी बगा, मग बोला. आमी उलटं करायचो, आन् मग चौकशी लागायची." हा सल्ला मी ऐकला आणि गाडीत बसेपर्यंत विसरले.

खडकवाडी

साताऱ्यात बहिणीकडं मुक्काम केला आणि सकाळी कोरेगावमार्गे खडकवाडीत उतरले. डोंगर वरपर्यंत हिरवा, मध्ये मध्ये गवताचे पिवळे पट्टे. आमच्या कृष्णाकाठची माती बुटाला चिकटते, तशी इथली नाही. तांबूस, भुसभुशीत, खड्यांची. देवस्थानच्या जमिनीत बायका शेंगा बडवत बसल्या होत्या. पाणी आधी, बोलणं नंतर, अशी तिथली पद्धत. मी तांब्या हातात घेतला नाही. पिशवी उलटी केली आणि दाणे गोणपाटावर ओतले.

हौसाबाईनं दाणे पाहिले आणि तोंड भरून म्हणाली, की चांगला आलाय, आमचाच आहे. मी म्हटलं, तुमचा आहे तर अर्धा तारेवर का चढला? तिनं पुन्हा दाणे पाहिले. मग माझ्याकडं पाहिलं. आणि तिनं जे म्हटलं ते मला आजपर्यंत बाजारात कुणी म्हटलेलं नाही.

"आक्का, तुमचं दुकान हाय. दुकानातला कुटला तरी मिसळला आसंल. फेड लवकर भागावी म्हनून."

मी पस्तीस वर्षं धंदा केला आहे. दर जास्त लावला असेल, पण मालात माल मिसळलेला नाही. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बायकांनी बडवणं थांबवलं. वरच्या वस्तीवरची दोन माणसं बांधावर येऊन उभी राहिली, आणि मजा येतेय असं पाहून बसली. हौसाबाईही गप्प बसणारी नव्हती. ती म्हणाली, सव्वा मापट्यासाठी दुपारभर भांडणारी बाई काय काय करील याचा नेम नाही.

शेवटी तीच म्हणाली, शिजवून बघू. त्यांचा घेवडा पटकन शिजतो आणि साल वेगळी होत नाही. तीन दगडांवर पातेलं ठेवलं, माझ्या पिशवीतला मूठभर घेवडा टाकला. मीठसुद्धा घातलं नाही. आम्ही दोघी समोरासमोर बसलो, एकमेकींकडं न बघता. पाण्याला उकळी येऊन गेली, वास सुटला. हौसाबाईनं पळीनं काढून दाणे बोटांत दाबले. एक लोण्यासारखा दबला. दुसरा खड्यासारखा. तिसरा दबला. चौथा पुन्हा खडा.

एका पातेल्यात दोन घेवडे होते, आणि बाहेरून बघून कुठला कोणता ते ना तिला सांगता येत होतं ना मला.

"ह्यो दबतोय तो आमचा," हौसाबाई म्हणाली. "ह्यो न्हाई."

"मग हा माझा आहे का?" मी विचारलं.

तिची सून सुनीता इतका वेळ शेंगा निवडत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "आत्या, आता बास करा. वरच्या वावरात न्या त्यांना."

हौसाबाई जागची हलली नाही. सुनीताच उठली आणि मी तिच्या मागं गेले. वरच्या तुकड्याला बांधाच्या कडेनं मक्याची दाट ओळ लावली होती, खालून काही दिसू नये म्हणून. ओळीपलीकडं हुबेहूब माझ्या आळीमागच्यासारखं शेत होतं. अर्धी झुडपं वाळून काढणीला आलेली, अर्धे वेल मक्यावर चढून फुलांवर.

खाली आलो तेव्हा हौसाबाई पातेल्यापाशीच बसली होती. आता तिनं सगळं सांगितलं. महोत्सवाच्या आधी संस्थेचे साहेब गावात आले होते. मंडपात बियांची मोठी रांगोळी काढायची आहे, गावोगावच्या बायका बी देणार आहेत, तुमचं सगळंच द्या, रांगोळी झाली की जसंच्या तसं परत. गावाचं नाव होईल. बायकांनी मडकी रिकामी केली. कुणाला नको म्हणावंसं वाटलं नाही. आपलं बी लोक बघायला येणार, याचं कौतुकच होतं. मला ती रांगोळी आठवली. मधोमध मोर होता, पिसांवरचे डोळे घेवड्याचे. मीही तिच्यापुढं उभी राहून फोटो काढून घेतला होता.

महोत्सव संपल्यावर पोरांनी झाडू मारून रांगोळी गोळा केली आणि पोत्यांत भरली. प्रत्येक गावाला त्यानं दिलं होतं तेवढ्या वजनाचं पोतं. बायकांनी आठ दिवस बसून ज्वारी, हुलगे, चवळी, करडई निवडून काढली. पण कुठल्या तरी दुसऱ्या गावानं तसाच पट्ट्यांचा, तेवढ्याच आकाराचा वेलाचा घेवडा दिला होता. तो डोळ्यांना ओळखू आला नाही. पेरला, उगवला, चढला, तेव्हा कळलं. तोपर्यंत मला आणि आणखी तीन गावांना बी वाटून झालं होतं.

"मग मला का नाही कळवलं?" मी विचारलं.

"कळवून काय सांगू? आमच्या सासवांपासनं हे बी हाय. लोक आमच्याकडनं न्हेत्यात ते आमच्या शब्दावर. पाकिटावर शिक्का नसतोय आक्का आमच्या. मिसळलं हे एकदा भाईर गेलं, की उद्या कोन न्हेईल? समदी जातील दुकानात." तिनं पातेलं दगडांवरून उतरवलं. "आन् तुमी आलात तवा मला वाटलं, तुमच्यावरच ढकलावं. दुकानदारीन हाय, सोसंल."

एवढं सरळ कुणी बोललं की मला भांडता येत नाही. मी तांब्यातलं पाणी प्यायले. सुनीतानं शिजलेल्या घेवड्याला कांदा-लसणाची चटणी घालून फोडणी दिली, आणि आम्ही सगळ्याजणी तो भाकरीबरोबर खाल्ला, कडक दाणे ताटाच्या कडेला काढत. मऊ दाण्याची चव मी दुकानातल्या कुठल्याच मालात चाखलेली नाही. मी म्हटलं, मी हे लिहिणार. बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. हौसाबाई म्हणाली, "लिवा. पर आमी चोर न्हाई, हे आधी लिवा." म्हणून या लेखाची सुरुवात संस्थेनं त्यांना फसवलं, इथून आहे.

सातारा

दुसऱ्या दिवशी सुनीताला घेऊन मी संस्थेच्या कार्यालयात गेले. साहेब खादीचा झब्बा घातलेले, आवाज मऊ, गवती चहा दिला, तोही चांगला. सुनीतानं झालेलं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण ताई, वजन पूर्ण दिलं होतं ना? एका गावाची तक्रार नाही वजनाबद्दल."

मी म्हटलं, साहेब, मी कडधान्य विकते. तुमच्या घरी पाच किलो तूरडाळ पाठवली आणि तीत दोन किलो मसूर असली, तर वजन पूर्ण भरलं म्हणून वहिनी मला चहा देतील का?

ते हसले. त्यांना मी विनोद केला असं वाटलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, की विविधता हाच तर महोत्सवाचा उद्देश होता, आणि बियांची सरमिसळ निसर्गातही होतच असते. दुसरा वेलाचा घेवडा कोणत्या गावाचा होता, ते त्यांना सांगता आलं नाही. बायकांना काय देता, असं विचारल्यावर म्हणाले, सन्मानपत्र देऊ, पुढच्या महोत्सवात स्टेजवर बोलावून. पुढची रांगोळी याच्या दुप्पट करायचा विचार आहे. आणि मला म्हणाले, "तुम्ही व्यापारी क्षेत्रातल्या आहात. प्रायोजक म्हणून विचार करा."

माझ्या तोंडून काय गेलं असतं कोण जाणे, पण तेवढ्यात सुनीता उठून भिंतीपाशी गेली. तिथं मोठ्या फळीवर महाराष्ट्राचा नकाशा होता, प्रत्येक जिल्हा तिथल्या बियांनी भरलेला. सातारा जिल्हा वाघ्या घेवड्याचा होता. महोत्सवाच्या आधी, खडकवाडीचं बी ताजं आलं तेव्हाच केलेला, असं साहेब म्हणाले. सुनीतानं एक दाणा नखानं उचकटायचा प्रयत्न केला. निघाला नाही. साहेब अभिमानानं म्हणाले, डिंकावर वार्निशचे दोन हात दिलेत, वर्षानुवर्षं काही होणार नाही.

"ह्यो आमचा हाय," सुनीता माझ्याकडं वळून हळूच म्हणाली. "निव्वळ आमचा."

खडकवाडीचा शुद्ध घेवडा एवढाच उरला होता, आणि तो आता कधीच उगवणार नव्हता. मी आयुष्यभर वस्तूचा भाव केला. त्या फळीपुढं उभं राहून मला भाव करता येईना, कारण समोरच्याकडं देण्यासारखं काहीच नव्हतं आणि ते त्याला ठाऊकही नव्हतं.

खडकवाडीला परतताना एसटीत सुनीतानं आणि मी मिळून ठरवलं. आता सरसकट झोडायचं नाही. एकेका झुडपाच्या शेंगा वेगळ्या काढायच्या, वेलाला हात लावायचा नाही. झुडपांतही परकं कुठलं असेल ते सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक झुडपाचे थोडे दाणे शिजवायचे. मऊ निघाले तर त्याच झुडपाचे उरलेले पेरणीला ठेवायचे. पुढच्या पावसाळ्यात जो चढेल तो फुलायच्या आत उपटायचा. असं काही वर्षं करावं लागेल. मी माधवनगरात हेच करते आहे. सध्या आमच्या आळीत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी मूठभर घेवडा मिठाशिवाय शिजतो, आणि शिंदेकाका दाणे दाबून बघतात. फेडीबद्दल हौसाबाईशी पुन्हा बोलणं झालं. सव्वा नाही, दीड मापटंच देईन म्हटलं, पण खात्रीचं, मग कितीही वर्षं लागोत. तिनं यावर काही भाव केला नाही, म्हणून मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

हे काम आम्ही करू. पण बी नेलेली ती तीन गावं आहेत. त्यांना हौसाबाईनं अजून सांगितलेलं नाही. सांगायची वेळ रोज येते आणि रोज तिची जीभ उचलत नाही. साहेब, हे तिच्या तोंडून का वदवायचं? मडकी तिनं रिकामी केली ती तुमच्या शब्दावर. तुमच्याकडं जीप आहे, माईक आहे, बोलायची सवय आहे. या तिन्ही गावांत जा. बायका जमवा. सांगा, की खडकवाडीनं बी शुद्ध दिलं होतं, ते झाडूनं एकत्र लोटलं ते आम्ही. सन्मानपत्र आणू नका. कधी जाताय ते मला कळवा. मी तिथं पुढच्या रांगेत बसलेली असेन. आणि जाणार नसाल तर का नाही, ते इथंच, याच पानावर, सगळ्यांना वाचता येईल असं लिहा.